हललेला फोटो

सुनेत्रा आगाशे यांचा आवाज रत्नागिरीत पुष्कळांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कुणाच्या नव्हता. त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. ट्रंककॉलचे दिवस होते तेव्हा आंब्याच्या पेटीचा भाव विचारायचा असो की मुंबईला कुणी अत्यवस्थ असल्याचं कळवायचं असो, सगळं त्यांच्या कानावरून पुढे जाई. पुढे थेट नंबर फिरवायची सोय झाली, एक्सचेंजमधले बोर्ड निघाले आणि सुनेत्राबाई बिलांच्या खिडकीवर आल्या. तिथूनच २००६ साली त्या निवृत्त झाल्या.

सत्कारात मिळालेली शाल कपाटात ठेवली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वडिलांची ट्रंक खाली काढली.

वडील, देवदत्त ओक, पूर्णगडच्या शाळेत मास्तर होते. मास्तरांना फोटोचा नाद. मुंबईच्या एका नातेवाइकाकडून त्यांनी एक जुना पेटीसारखा कॅमेरा घेतला होता. वर्षाला फिल्मचे दोनतीन रोल त्यांना परवडत. ते धुवायला रत्नागिरीला यावं लागे. पण मास्तर फोटो काढत ते घरच्या माणसांचे कमी आणि गावाचे जास्त. झेंडावंदन, विहिरीचं पाणी लागलं तो दिवस, नवी होडी पाण्यात लोटताना, शिमग्याची पालखी, किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बाया. मास्तर गेल्यावर ट्रंक एकुलत्या एका मुलीकडे आली. पण चौथीनंतर सुनेत्राबाई शिकायला मामाकडे रत्नागिरीत राहिल्या होत्या. त्यामुळे त्या फोटोंतली निम्म्याहून अधिक माणसं त्यांना परकीच होती.

ट्रंक उघडली तेव्हा भपकन ओलसर वास आला. फोटो एकमेकांना चिकटले होते. काहींवर पांढरी बुरशी पसरली होती, काहींच्या कडा कसर लागून कुरतडल्या गेल्या होत्या. निगेटिव्हचा तर नुसता चिकट गोळा झाला होता.

"अहो, हे आणखी दोन पावसाळे टिकायचे नाहीत," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

भास्करराव जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. नाचणे रस्त्यावरच्या त्यांच्या घरामागे आठदहा हापूसची कलमं होती. त्यांचा बराच वेळ तिथे जाई आणि उरलेला वर्तमानपत्रात. ते म्हणाले, "नीरजेला विचार. तिच्या कंपनीत असलंच काहीतरी करतात ना?"

नीरजा ही त्यांची मुलगी. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तिची कंपनी असलं काहीही करत नव्हती, पण तिने दिवाळीला येताना एक कॉम्प्युटर आणि स्कॅनर गाडीत घालून आणला, बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर मांडला आणि चार दिवसांत आईला शिकवलं. सुनेत्राबाईंना माऊस सोडला तर काही अवघड गेलं नाही. माऊस मात्र सुरुवातीला त्यांच्या हातातून उंदरासारखाच पळे. पण उभा जन्म बटणं, तारा आणि दिवे यांच्यात काढलेली बाई. महिन्याभरात त्यांचा हात बसला.

मग त्यांचा दिवस त्यातच जाऊ लागला. सकाळी पूजा आणि स्वयंपाक आटोपला की त्या कापूस आणि मऊ ब्रश घेऊन बसत, एकेक फोटो हलक्या हाताने सोडवत, पुसत, स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवत. दुपारी भारनियमनात वीज गेली की कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरी पी-पी करून ओरडू लागे आणि त्या घाईघाईने सगळं बंद करत. फार बुरशी चढलेले फोटो स्कॅन करून झाल्यावर त्यांनी परसातल्या चुलीत घातले. बुरशी चांगल्या फोटोंना लागू नये म्हणून. ज्याचा स्कॅन झाला तो आता सुरक्षित आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पुढच्या वर्षी घरात ब्रॉडबँड आलं आणि नीरजेचा फोन आला. "आई, नुसतं कॉम्प्युटरवर ठेवून भागणार नाही. उद्या तो बिघडला तर सगळं गेलं. नेटवरही ठेवूया. मी तुझं खातं काढलंय."

"नेटवर म्हणजे कुठे ठेवायचं?"

"कुठेतरी मोठे कॉम्प्युटर असतात गं, त्यांच्यावर. तुझ्या कॉम्प्युटरवरचा एक फोल्डर मी त्याला जोडून देते. तू त्यात जे ठेवशील ते आपोआप वर जाईल आणि इथे माझ्या कॉम्प्युटरवरही उतरेल. तुला वेगळं काही करायला नको."

"म्हणजे पॅरलल लाइन."

"काय?"

"एका नंबरला दोन फोन जोडतात ना, तसं."

नीरजा हसली. "तसंच समज."

तसंच होतं ते. वर जायला फार वेळ लागे. सुनेत्राबाई एखादा अल्बम लावून देत आणि भाजी निवडत बसत. मधूनच येऊन पडद्यावरची निळी पट्टी किती सरकली ते बघून जात. पण दोन तासांनी पुण्याहून फोन येई, "आई, आले गं! आजोबांचा कोटातला फोटो काय सुरेख आहे!" तेव्हा त्यांना नोकरीच्या दिवसांतलं समाधान मिळे. नातेवाइकांना बघता यावेत म्हणून नीरजेने काही अल्बम सगळ्यांना खुले करून ठेवले. सुनेत्राबाईंनी त्यांना नावं दिली, कारवारचं लग्न, नीरजा लहानपणी, पूर्णगड. गावाचं नाव आणि सालं त्यांनी इंग्रजीतही घातली, म्हणजे ज्याला मराठी टायपिंग येत नाही त्यालाही सापडेल.

अडचण आली ती २००८च्या पावसाळ्यानंतर. फुकट मिळालेली जागा भरली, असा इंग्रजीतला निरोप पडद्यावर येऊ लागला. नवे फोटो वर जाईनात.

जागा खाल्ली होती ती खरं म्हणजे ओवीने. ओवी नीरजेची मुलगी, तीन वर्षांची. नीरजेकडे डिजिटल कॅमेरा होता आणि रोल संपायची भीती उरली नव्हती. ओवी केक कापताना, ओवी केक कापायच्या आधी, ओवीच्या नाकाला केक, सगळे फोटो त्याच फोल्डरात येऊन पडत. मास्तरांच्या एका फोटोला लागे त्याच्या कितीतरी पट जागा ओवीच्या एकेका फोटोला लागे.

"मग हिचे थोडे काढ की," भास्करराव म्हणाले.

"काढते हं," असं म्हणून सुनेत्राबाईंनी ओवीचा अल्बम उघडला. एक फोटो पुसायला घेतला. त्यात ओवीचे डोळे मिटले होते. पण मिटल्या डोळ्यांची ओवीही गोडच दिसत होती. दुसरा घेतला. तोही राहिला. शेवटी त्यांनी तो अल्बम मिटला आणि पूर्णगडचा उघडला.

इथे निवड सोपी होती. मास्तरांच्या हातून सगळेच फोटो काही चांगले येत नसत. कुणाचं डोकं कापलेलं, कुठे उन्हाने अर्धा फोटो पांढरा पडलेला, कुठे माणसं हललेली. शिवाय ओळखदेख नसलेली माणसं. दोनतीन दुपारी बसून त्यांनी सगळं साफ केलं. तांदूळ निवडावेत तसे. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण तिच्यात जागा अडते असं नीरजेने सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. त्याने काही खूप जागा मोकळी झाली नाही, पण तेवढ्याने इंग्रजी निरोप यायचा थांबला. घर झाडून काढल्यावर वाटतं तसं त्यांना वाटलं.

दिवाळी उलटली आणि एक दिवस त्यांना एक ईमेल आली. पाठवणारा अनोळखी. मजकूर मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. वाचताना एकेक शब्द मनात जुळवून घ्यावा लागत होता.

'ताई, नमस्कार. मी आत्माराम डोर्लेकर, मूळचा पूर्णगडचा. आता आखातात एका बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, सारंग आहे, बोट मीच चालवतो. गावाची आठवण आली की आम्ही पोरं नेटवर गावाचं नाव टाकून बघतो. शिमग्याच्या सुमारास मित्राच्या कॉम्प्युटरवर तुमचे पूर्णगडचे फोटो सापडले. एका फोटोत किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बाया होत्या. त्यांतली एक माझी आत्या, गंगुबाई. मी तिला गावी वरच्या दुकानातल्या फोनवर बोलावून सांगितलं. ती म्हणाली, मास्तरांनी तो फोटो काढला तेव्हा तुझी आईपण तिथे होती. ताई, मी दोन वर्षांचा असताना आई वारली. तिचा एकही फोटो नाही. ती कशी दिसत होती ते मला ठाऊक नाही. आता मी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि तो फोटो शोधला, तर तो तिथे नाही. कृपा करून परत लावाल का?'

सुनेत्राबाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना तो फोटो आठवला. किनारा, मागे होड्या, पाचसहा बाया आणि काठाला एक हललेली आकृती. त्यांनीच तो पुसला होता. पुसताना जरासुद्धा विचार केला नव्हता.

"अहो," त्यांनी हाक मारली. आवाजातच काही असावं. भास्करराव परसातून मातीचे हात घेऊन तसेच आत आले. त्यांनी उभ्या उभ्या पडद्यावरचं वाचलं.

"मूळ फोटो असेल ना?"

"जाळला. बुरशी होती."

भास्करराव हात धुवून आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

सुनेत्राबाईंनी पुण्याला फोन लावला. नीरजा ऑफिसात होती; तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग काय झालं असेल ते सांगितलं. रत्नागिरीच्या कॉम्प्युटरवरून फोटो काढला की तो नेटवरूनही गेला. आणि नेटवरून गेला की पुण्याच्या लॅपटॉपवरूनही गेला.

"अगो, मग तीन तीन ठिकाणी ठेवून उपयोग काय झाला?" त्या जवळजवळ ओरडल्या.

"आई, ती तीन ठिकाणं नव्हतीच गं. एकच होतं, तीन दारांचं. चूक माझी आहे. मी तुला नीट सांगायला हवं होतं. तू पॅरलल लाइन म्हणालीस आणि मी हसून सोडून दिलं."

सुनेत्राबाई खाली बसल्या. पॅरलल लाइनवर एकाने फोन आदळला तर दुसऱ्यालाही ऐकू येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कळत होतं, पण लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी आत्मारामला उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार? जेवताना भास्कररावांनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, पण त्या वाढत राहिल्या. आपल्याकडे वडिलांचे पंचवीसतीस फोटो आहेत, आईचे पन्नास. त्यातला एक गेला तर आपण चुकचुकू आणि विसरू. आणि एका माणसाची आई एकाच फोटोत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजेचाच फोन आला. आवाज घाईचा.

"आई, माझा जुना कॉम्प्युटर! मोठा, टेबलावरचा. आम्ही घर बदललं तेव्हापासून तो खोक्यात माळ्यावर पडलाय. त्याच्यावरही तो फोल्डर होता. तू फोटो काढलेस त्याच्या आधीपासून तो बंदच आहे."

"म्हणजे त्याच्यावर असेल?"

"असायला हवा. पण तो चालू झाला आणि नेटला लागला, की लगेच वरचं बघून तिथलंही सगळं पुसून टाकेल."

"मग नेटची वायर लावूच नकोस!"

"नाही लावणार. शनिवारी काढते."

"शनिवारपर्यंत कशाला? आज काढ."

"आई, मला ऑफिस आहे."

"बरं. पण कुणाला हात लावू देऊ नकोस त्याला."

शनिवारी सकाळपासून सुनेत्राबाई फोनपाशी बसून होत्या. अकराच्या सुमारास नीरजेने खोकं उतरवलं आणि फोन कानाला लावूनच काम सुरू केलं. पहिल्यांदा कॉम्प्युटर चालूच होईना. मग त्याचं झाकण उघडून धूळ पुसली, आतल्या पट्ट्या काढून परत बसवल्या. सुनेत्राबाईंना पुण्याच्या त्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं, स्क्रू टेबलावर ठेवल्याचा आवाज, ओवीचं "मी पण, मी पण", पंख्याची घरघर.

"सुरू झाला," नीरजा म्हणाली.

"वायर?"

"नाही गं लावली. वायर दुसऱ्या खोलीत ठेवलीय."

पुन्हा घरघर. भास्करराव वर्तमानपत्र पुढे धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"आई, पूर्णगडचा फोल्डर आहे. उघडते. झेंडावंदन... विहीर... ही कुठली पालखी... आई, सहा बाया आहेत, मासळी आहे, मागे होड्या. एक बाई काठाला आहे, हललेली. हाच का?"

"हाच," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

नीरजेने तो सगळा फोल्डर आधी दोन सीड्यांवर उतरवला आणि मगच फोटो आईला पाठवला. त्याच दिवशी सुनेत्राबाईंनी आत्मारामला लिहिलं. लपवलं काही नाही. जागा भरली म्हणून मी तो पुसला होता, मूळ फोटोही माझ्याच हातून गेला, माझ्या मुलीने एका जुन्या कॉम्प्युटरवरून तो परत मिळवला, असं सरळ लिहिलं आणि सोबत फोटो जोडला.

उत्तर तीन दिवसांनी आलं. तो समुद्रावर होता. त्याने दोष दिला नव्हता. आभार मानले होते आणि पुढे लिहिलं होतं, 'फोटो मोठा करून बघितला. आत्या ओळखली. बाकीच्या पाचांत आई कोण ते मला कळत नाही. एक बाई हसते आहे, मला वाटतं तीच असेल. पण नुसतं वाटून काय उपयोग? आत्याकडे कॉम्प्युटर नाही. तुम्ही कधी गावाकडे गेलात तर तिला दाखवाल का? शुक्रवारी मला सुटी असते, मी फोन करीन.'

सुनेत्राबाईंनी मारुती मंदिरापाशी एका स्टुडिओत फोटो मोठा करून घेतला. पुढच्याच शुक्रवारी नवराबायको एसटीत बसली. भाट्याचा पूल ओलांडला, पावस गेलं आणि गाडी वळणं घेत पूर्णगडला आली. वडील गेल्यापासून सुनेत्राबाई इथे आल्या नव्हत्या. शाळेला नवी कौलं घातली होती आणि निळा रंग दिला होता. तिथे क्षणभर उभं राहून त्या पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी उतरून खाली कोळवाड्यात गेल्या.

आत्मारामने खूण कळवली होती, त्यामुळे गंगुबाईचं घर विचारावं लागलं नाही. ती पडवीतच सुपात जवळ्याची बारीक सुकी मासळी घेऊन निवडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, काटक, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सुनेत्राबाईंनी नाव सांगितलं, पण तिने ते ऐकलं नाही.

"ओकमास्तरांची पोर गो तू? तोंडावळा तोच हाय. बस, बस. ह्ये तुजे घरवाले? बसा वो दादा, त्या बाकड्यावर."

पाणी झालं, चहा झाला. आत्मारामने तिला दुकानात निरोप ठेवून कल्पना दिली होती, तरी ती फोटो मागत नव्हती. मास्तर मुलांना कसे मारत नसत, मास्तरीणबाईंनी आपल्याला एकदा जुनं लुगडं कसं दिलं होतं, असं काहीबाही ती सांगत राहिली. शेवटी सुनेत्राबाईंनीच पाकिटातून फोटो काढला आणि तिच्या हातात ठेवला.

गंगुबाईने तो उजेडाकडे धरला. मग जवळ, मग परत लांब. बोट फिरवलं.

"ही मी. ही केरूची आयस. ही भिकाजीची बायको, गेली बिचारी. ही तिची जाव."

"आणि ही हसणारी?" सुनेत्राबाईंनी विचारलं. "आत्मारामला वाटतंय, हीच त्याची आई."

"नाय गो बाय. ही आनंदी. ती लगीन होवन मुंबयस गेली." गंगुबाईचं बोट फोटोच्या काठाशी आलं आणि थांबलं. "ही मालन. माजी वयनी."

ती हललेली आकृती. एक हात वर उचललेला, पदर कमरेला खोचलेला, मान वळलेली, चेहरा अर्धा दिसतो आहे आणि तोही पुसट.

"मास्तर म्हणत व्हते, कोण हलू नुका, कोण हलू नुका. आमी सगल्या खांबासारख्या उब्या. नि तेवड्यात मासळीवर घार आली. ही धावली हात उचलून, हाट हाट करीत. मास्तर कपालाला हात लावून बसले!" गंगुबाई हसली. हसताना तिच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी आलं. तिने ते पदराने टिपलं. "कुनी उबी ऱ्हा म्हटला तरी ऱ्हायची नाय ती. वाऱ्यासारकी. नि बग, पदर कसा खोचलान हाय बग. पोट दिसतंय? आत्मू हाय त्यात. सातवा लागलेला तिला. सासू ओरडायची, अशी धावू नुको म्हणून."

सुनेत्राबाई वाकून बघत राहिल्या. हा फोटो त्यांनी स्कॅनरवर ठेवला होता, पडद्यावर मोठा करून कडा सरळ केल्या होत्या, पुसताना पुन्हा बघितला होता. इतक्या वेळा बघून त्यांना त्यात धावणारी बाई एकदाही दिसली नव्हती. दिसला तो फक्त हललेला फोटो.

"कशाने गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

"तापाने. चार दिसांत. तवा इकडं डाक्टर कुठला?" गंगुबाईने सूप बाजूला सारलं. "भाऊ बोटीवर व्हता. त्याला कळायला म्हयना गेला. आत्मूला मी सांबाळला. मोटा झाला नि मला विचारी, आत्ये, आयस कशी व्हती? काय सांगनार? म्हनायची, चांगली व्हती."

कोळवाड्यात मोबाइलला रेंज नव्हती. आत्मारामने सुनेत्राबाईंच्या मोबाइलवर फोन करायची ठरलेली वेळ होत आली तशी तिघंही पाखाडी चढून वर आली. गंगुबाईने फोटो छातीशी धरला होता आणि दर चार पायऱ्यांवर ती थांबत होती. भास्कररावांनी हात पुढे केला. तिने तो घेतला. शाळेच्या आवाराच्या कडेला फोन वाजला. सुनेत्राबाईंनी दोन शब्द बोलून तो गंगुबाईच्या कानाला लावून दिला आणि त्या थोड्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पण गंगुबाई आखातापर्यंत पोचावं अशाच आवाजात बोलत होती, त्यामुळे ऐकू येतच होतं.

"आत्मू, ती हसनारी नाय रे! ती आनंदी! तुजी आयस काठाला हाय, हात वर क्येलेली. व्हय, तीच. हल्लेली. अरे, घार आली व्हती..."

तिने घारीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सातव्या महिन्याचं सांगितलं. मग पलीकडचं ऐकलं. जरा वेळाने तिने फोन सुनेत्राबाईंकडे दिला.

"रडतोय," ती म्हणाली. "रडू दे. तू धर जरा."

सुनेत्राबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे वारा होता, कुठेतरी भोंगा वाजत होता. त्या लाइन धरून राहिल्या. मग आवाज आला, "ताई, आहात ना?"

"आहे हो. सावकाश."

"ती धावत होती, म्हणते आत्या."

"हो. आणि तुम्ही तिच्याबरोबर होतात."

परतीच्या गाडीत भास्करराव म्हणाले, "बाकीचेही फोटो पुसले होतेस ना तू? त्यांत कोण कोण असेल."

"तेच मनात आहे माझ्या," सुनेत्राबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नीरजेला सांगून फोल्डरची जोडणी सोडवली. आता वर ठेवायचं ते त्या स्वतः निवडून ठेवू लागल्या आणि इकडे काढलं तरी तिकडचं राही. सगळ्या फोटोंच्या सीड्या केल्या. एक जोड घरी, एक पुण्याला. ओवीचे वाढदिवस नेटवरून उतरले आणि सीडीवर गेले, नीरजेने थोडी कुरकुर केली, पण भास्कररावांनी तिला सांगितलं, "ओवीला बघायचं तर आम्ही पुण्याला येऊ." वडिलांचे फोटो मात्र सगळे परत वर गेले, डोकं कापलेले, पांढरे पडलेले, हललेले, सगळे.

आणि दर महिनादोन महिन्यांनी त्या फोटोंचा गठ्ठा घेऊन पूर्णगडला जाऊ लागल्या. गंगुबाईच्या पडवीत आजूबाजूची म्हातारी माणसं जमत. कोण कुणाची सून यावरून वाद होत. एकदा एका फोटोतला मुलगा आपणच आहोत असं दोन म्हातारे ईर्ष्येने सांगू लागले, तेव्हा सुनेत्राबाईंनी दोघांचीही नावं लिहून घेतली. घरी येऊन त्या प्रत्येक फोटोखाली नावं टाइप करत. फोटोतल्या परक्या माणसांची संख्या हळूहळू कमी होत गेली. मुंबईहून, वसईहून, एकदा तर मस्कतहून ईमेल आल्या. सगळ्यांना सगळं मिळालं असं नाही. काही चेहऱ्यांना कुणीच नाव देऊ शकलं नाही. त्यांच्याखाली त्या नुसतं 'पूर्णगड' एवढंच लिहीत.

२००९च्या मे महिन्यात आत्माराम सुटीवर आला. फोन करून, वेळ घेऊन, पांढरा शर्ट घालून नाचणे रस्त्यावर आला. पंचेचाळिशीला टेकलेला, उन्हाने रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस. पण बैठकीच्या खोलीत तो शाळेतल्या मुलासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. भास्कररावांनी पिकलेल्या आंब्यांची परडी पुढे ठेवली. सुनेत्राबाईंनी कॉम्प्युटर लावून तो फोटो उघडला आणि त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं.

"मोठा करायचा तर हे बटण."

त्याला ते माहीत होतं. तरी त्याने त्यांना सांगू दिलं. मग तो आईचा उचललेला हात मोठा करून बघत राहिला. चेहरा त्याने फार वेळ बघितला नाही. हात मात्र बराच वेळ बघितला.

"काकणं दिसतात," तो म्हणाला.

"हो. दोन आहेत."

स्वयंपाकघरात जाऊन सुनेत्राबाईंनी कोकम सरबत केलं, मुद्दाम सावकाश. परत आल्या तेव्हा तो उठून उभा होता आणि त्याच्या हातात एक पाकीट होतं.

"ताई, एक मागू? हा माझ्या मुलीचा फोटो आहे. या सुटीत किनाऱ्यावर काढला, आत्याच्या घराखाली. तुमच्या त्या पूर्णगडच्या फोल्डरात ठेवाल?"

सुनेत्राबाईंनी फोटो घेतला. दहाबारा वर्षांची मुलगी, मागे होड्या, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. त्यांनी स्कॅनरचं झाकण उचललं, काच फडक्याने पुसली आणि फोटो नीट पालथा ठेवला.

"नाव काय घालू?"

"मृणाली आत्माराम डोर्लेकर."

त्यांनी नाव टाइप केलं, साल घातलं आणि फोटो वर पाठवायला लावला. निळी पट्टी हळूहळू सरकू लागली.

"वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर आंबा खा."

आत्माराम पुन्हा बसला. या वेळी खुर्चीत नीट मागे टेकून. भास्कररावांनी परडीतला एक आंबा हुंगून निवडला आणि त्याच्या हातात दिला.